तांबडा अंगठा

घरातील तरुण मंडळींच्या हाती गुप्तपोलिसी कादंबरी दिसली की वडील माणसांच्या कपाळास आठी पडावयाची, ही रीत जुनीच आहे. आम्हीही तिला अपवाद नव्हतो. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड हे वीर आम्ही विद्यार्थिदशेत पांघरुणाखाली वाचले, आणि पुढे हाती छडी आल्यावर तीच पुस्तके मुलांच्या दप्तरांतून जप्त केली, हे कबूल करावयास आता या वयात संकोच वाटत नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या नातवाने एक जुनी इंग्रजी कादंबरी आमच्यापुढे ठेवली व म्हटले, "आजोबा, ही वाचा. हिच्यात तुमचा तर्कसंग्रह आहे." पोराने थट्टाच केली होती, परंतु दोन रात्री जागून पुस्तक संपविल्यावर तो बोलला ते खरेच होते असे आम्हांस दिसून आले. म्हणून हा लेखप्रपंच.

'द रेड थंब मार्क', म्हणजे 'तांबडा अंगठा', ही कादंबरी लंडन येथे १९०७ साली प्रसिद्ध झाली. तिचा कर्ता रिचर्ड ऑस्टिन फ्रीमन हा पेशाने वैद्य. १८६२ साली जन्मलेला हा गृहस्थ शिक्षण संपताच आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट प्रांती, म्हणजे आजच्या घाना देशात, सरकारी डॉक्टर म्हणून गेला. तेथील तापाने प्रकृती ढासळून १८९१ साली स्वदेशी परतला, आणि वैद्यकी नीट चालेना म्हणून लेखणीकडे वळला. डॉक्टर थॉर्नडाइक या त्याच्या मानसपुत्राची ही पहिलीच कादंबरी. थॉर्नडाइक वैद्यही आहे आणि बॅरिस्टरही. विद्यार्थ्यांस तो न्यायवैद्यक शिकवितो. शेरलॉक होम्सप्रमाणे तो क्षणार्धात चमत्कार करून दाखवीत नाही. सूक्ष्मदर्शक यंत्र, छायाचित्राची काच, मोजपट्टी आणि पोल्टन नावाचा एक कुशल कारागीर मदतनीस, एवढ्या सामग्रीवर तो सावकाश, पायरीपायरीने सत्यापर्यंत जातो. पुस्तकात वर्णिलेले प्रयोग फ्रीमन आधी स्वतः करून पाहत असे, अशी त्याची ख्याती आहे.

कथानक थोडक्यात सांगतो. जॉन हॉर्नबी हा सोन्याचांदीचा व्यवहार करणारा एक प्रतिष्ठित व्यापारी. त्याच्या पदरी दोन पुतणे आहेत. दक्षिण आफ्रिकेहून त्याच्याकडे ठेव म्हणून आलेले हिरे एके रात्री तिजोरीतून नाहीसे होतात. तिजोरी फोडलेली नाही. मात्र तिच्या तळाशी रक्ताचे थेंब आणि एक कागद सापडतो, व त्या कागदावर रक्तात उमटलेला अंगठ्याचा ठसा असतो. घरातील बाईंकडे 'थंबोग्राफ' नावाची एक वही असते. आपल्याकडे मुली मैत्रिणींच्या स्वाक्षऱ्या गोळा करतात, त्याप्रमाणे तीत घरच्या मंडळींचे व पाहुण्यांचे अंगठे मौजेखातर उमटवून घेतलेले असतात. आपले पुतणे निर्दोष ठरावेत या सद्धेतूने ती बाई ही वही पोलिसांच्या स्वाधीन करते, आणि त्याच वहीमुळे थोरल्या विश्वासाचा पुतण्या रूबेन गोवला जातो. ठसा त्याच्याच डाव्या अंगठ्याचा! वकील रूबेनला गुन्हा कबूल करून दयेची याचना करण्याचा सल्ला देतात, आणि सर्व बाजूंनी वाट बंद झाल्यावर प्रकरण थॉर्नडाइककडे येते.

या पुस्तकाचे मोल कळण्यास ते कोणत्या काळी लिहिले गेले हे ध्यानी घेतले पाहिजे. स्कॉटलंड यार्डात अंगुलिमुद्रांचे खाते १९०१ साली निघाले. १९०५ साली लंडनच्या डेप्टफर्ड भागातील एका दुकानाच्या व्यवस्थापकाचा व त्याच्या पत्नीचा खून झाला, तेव्हा पैशाच्या पेटीवरील अंगठ्याच्या ठशावरून स्ट्रॅटन नावाच्या दोघा भावांवर गुन्हा शाबीत होऊन त्यांस फाशी झाली. नव्या शास्त्राचा केवढा जयजयकार झाला! आणि अवघ्या दोन वर्षांत हा बेकार डॉक्टर उठतो आणि विचारतो की, ठसा खरा. पण तो अंगठ्यानेच उमटविला कशावरून?

या शास्त्राचे मूळ आपल्याच देशात आहे हे पुष्कळांस ठाऊक नसते. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारावर पंजाचा ठसा घेतला. पुढे १८७७ च्या सुमारास हुगळी येथे निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचे व दस्त नोंदविणाऱ्यांचे ठसे घेण्याचा प्रघात त्याने पाडला. १८९७ साली कलकत्त्यास अंगुलिमुद्रांची कचेरी स्थापन झाली, आणि ठशांचे वर्गीकरण करण्याची जी पद्धत एडवर्ड हेन्रीच्या नावाने जगभर गेली, तिच्यामागे अझिझुल हक व हेमचंद्र बोस या दोघा भारतीयांचे परिश्रम होते. आपल्या खेडोपाडीच्या कागदांवरील 'निशाणी डावा अंगठा' ही परिचित ओळ याच इतिहासाची एक शाखा होय.

त्याच बंगालमधील एक खटला या कादंबरीशी ताडून पाहण्याजोगा आहे. जलपाईगुडी जिल्ह्यातील एका चहाच्या मळ्याचा व्यवस्थापक गळा चिरलेल्या स्थितीत सापडला. त्याच्या कागदपत्रांत एक बंगाली पंचांग होते व त्याच्या निळ्या वेष्टनावर रक्ताचा पुसट डाग होता. तो डाग कांगाली चरण नावाच्या जुन्या नोकराच्या उजव्या अंगठ्याशी जुळला. १८९८ साली न्यायालयाने त्यास चोरीबद्दल शिक्षा दिली. खुनाच्या आरोपातून मात्र मुक्त केले. कारण उघड आहे. ठशाने एवढेच सिद्ध झाले की, त्याचा हात त्या कागदांस लागला. सुरी त्याच्याच हाती होती हे ठसा सांगत नव्हता. हा विवेक आम्हांस फार मोलाचा वाटतो.

येथेच नातवाने म्हटलेला तर्कसंग्रह येतो. पर्वतावर धूर दिसला म्हणजे तेथे अग्नि आहे असे आपण अनुमान करतो, कारण धूर आणि अग्नि यांची व्याप्ति आपणांस ठाऊक असते. परंतु नैयायिक येथे दोन ठिकाणी सावध करतात. एक, जो धूर म्हणून दिसतो तो धूरच आहे की पहाटेचे धुके अथवा वाऱ्याने उठलेली धूळ? दुसरे, जी व्याप्ति आपण गृहीत धरली ती निरुपाधिक आहे काय? धूर तेथे अग्नि हे खरे. पण अग्नि तेथे धूर हे तेव्हाच खरे, जेव्हा इंधन ओले असते. ओले इंधन हा तेथे उपाधि. जलपाईगुडीच्या न्यायालयाने दुसरी शंका घेतली. थॉर्नडाइक पहिली शंका घेतो. हे धुके तर नव्हे ना, असे तो विचारतो.

आणि मग तो प्रयोग करून दाखवितो. अंगठ्याच्या ठशाचे छायाचित्र घेऊन, रसायन लावलेल्या जिलेटिनच्या पातळ थरावर ते उतरवून, ऊन पाण्याने धुतले असता अंगठ्यावरील रेषांसारखेच उंचवटे असलेला साचा तयार होतो. त्यावरून हवे तितके ठसे उमटविता येतात. खटल्याच्या दिवशी सरकारी तज्ज्ञ शपथेवर सांगतो की, या कामी चूक होणे अशक्य. थॉर्नडाइक त्याच्यापुढे वीस ठसे ठेवून खरे कोणते व बनावट कोणते ते सांगावयास लावतो, आणि तज्ज्ञ सपशेल चुकतो. तिजोरीतील ठशात इंग्रजी 'एस' अक्षरासारखी एक बारीक कोरी जागा असते. तशीच जागा वहीतील ठशातही असते. वहीच्या कागदाचा एक तंतू सुटून अंगठ्यास चिकटल्याने ती तेथे राहिलेली आहे. तिजोरीतील कागदावर असे काहीच घडलेले नाही. म्हणजे दुसरा ठसा पहिल्याची नक्कल! ती कोणी केली, हे सांगून वाचकांचा आनंद आम्ही हिरावून घेत नाही.

पुस्तक निर्दोष आहे असे मात्र नव्हे. संशयास पात्र अशी माणसे इतकी थोडी आहेत की, चतुर वाचक गुन्हेगारास अर्ध्या वाटेवरच ओळखील. निवेदक डॉक्टर जर्व्हिस याची प्रेमकथा पाल्हाळिक असून काही ठिकाणी तर कंटाळवाणी आहे. थॉर्नडाइकचा जीव घेण्याचे जे प्रयत्न होतात ते थोडे नाटकी वाटतात; तथापि त्यांतील एक प्रयत्न आपल्या तिरुचिरापल्लीच्या चिरुटातून विष घालून केलेला आहे, हे वाचून आम्हांस हसू आले. भाषा संयत आहे, बीभत्सपणास थारा नाही. घरातील कोणाही मुलामुलीने वाचावे असे हे पुस्तक आहे.

ही शंभर वर्षांपूर्वीची कल्पित गोष्ट, आज तिचे काय, असे कोणी म्हणेल. २००४ साली माद्रिद येथे आगगाड्यांत स्फोट झाले. तेथील एका पिशवीवरील ठसा अमेरिकेतील ओरेगॉन राज्याच्या एका वकिलाचा आहे, असे एफ्‌बीआयच्या अनेक तज्ज्ञांनी निःशंकपणे सांगितले. न्यायालयाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही तेच म्हटले. तो वकील सुमारे दोन आठवडे अटकेत होता. पुढे स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा एका अल्जीरियन माणसाचा असल्याचे दाखविले व एफ्‌बीआयला जाहीर क्षमा मागावी लागली. २००२ साली जपानमधील योकोहामा येथील त्सुतोमु मात्सुमोतो यांनी साध्या जिलेटिनची बोटे करून ठसे ओळखणारी यंत्रे फसविली; फ्रीमनचेच ते जिलेटिन! आणि आपल्या देशात जमिनीच्या दस्तांवरील अंगठ्यांवरून कृत्रिम अंगठे बनवून गरिबांच्या बँकखात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे पोलिसांनी उघडकीस आणले आहेत. शास्त्र खोटे आहे असे यावरून कोणी समजू नये. शास्त्र जेवढे सांगते त्याहून अधिक त्याच्या तोंडी घालणारा माणूस चुकतो, एवढेच आमचे म्हणणे.

हे आम्ही एवढ्या आग्रहाने का लिहितो, ते आता सांगितले पाहिजे. सुमारे तीस वर्षांपूर्वी, आम्ही ज्या शाळेत शिकवीत होतो तेथे गुणपत्रकात तांबड्या शाईने कोणी खाडाखोड केली. श्रावण संपत आला होता. आम्ही वर्गातील प्रत्येकास हात पुढे करावयास लावले. एका मुलाचा अंगठा तांबडा निघाला. "हे काय?" असे विचारता तो खाली मान घालून उभा राहिला. आम्ही तेच कबुलीजबाब समजलो. छड्या दिल्या व वर्गाबाहेर उभे केले. चार दिवसांनी कळले की, खाडाखोड निराळ्याच वर्गातील मुलाने केली होती. हा मुलगा संध्याकाळी गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगविण्यास जात असे व ते वर्गात सांगावयाची त्यास लाज वाटत होती. त्याच्या अंगठ्यास टर्पेंटाइनचा वास येत असला पाहिजे. हात आमच्या हाती होता. आम्ही तो नाकाशी नेला नाही. त्याच्या घरी जाऊन आम्ही चूक कबूल केली, तो शाळेत परतलाही. परंतु त्या वर्षी वर्गात त्याने पुन्हा कधी हात वर केला नाही.

मोठ्या घरात वस्तू हरवतात. अंगठी सापडत नाही, नोटा कमी भरतात, आणि कोणाचे तरी तोंड उतरलेले दिसते. ते बहुधा नव्या सुनेचे असते, कामवालीचे असते किंवा घरी राहून शिकणाऱ्या आश्रित मुलाचे असते. अशा वेळी घरातील वडील मंडळींनी दोनच प्रश्न स्वतःस विचारावेत. मला जो दिसतो तो धूरच आहे ना? आणि असला, तर तो मी समजतो त्याच अग्नीचा आहे ना? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळेतो जीभ आवरावी. थॉर्नडाइकने न्यायालयात केले ते एवढेच; आणि आम्हांस वर्गात जमले नाही तेही एवढेच.