तंबूतली झोप आणि थांबणारा श्वास

‘डॉक्टर, पाचच रात्रींचा तर प्रश्न आहे. मशीन घरी ठेवून गेलो तर चालेल ना?’

आमच्या गावचे एक निवृत्त शिक्षक दवाखान्याच्या दारात उभे राहून विचारत होते. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणतो, आपणही तेच म्हणू. बाहेर बाकावर तापाचे वीस-पंचवीस पेशंट बसलेले. मी मान वर न करताच म्हणालो, ‘शक्यतो न्या, गुरुजी.’

वाचकहो, हा ‘शक्यतो’ शब्द डॉक्टरने फार जपून वापरावा. ऐकणारा त्याचा अर्थ ‘नाही नेले तरी चालेल’ असाच घेतो.

गुरुजी आणि त्यांचे सहा मित्र सायकलवरून कोकण किनाऱ्याने निघाले होते. अलिबागपर्यंत टेम्पोने, तिथून सायकली काढून मुरूड, पुढे आगरदांड्याहून जंगलजेटीने दिघी, मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बाणकोटची खाडी ओलांडून केळशी, आंजर्ले, दाभोळ, गुहागर असे करीत रत्नागिरी. मुक्काम तंबूत, कोणाच्या तरी वाडीत. साठी उलटलेल्या माणसांनी हा बेत आखावा याचे मला कौतुकच वाटले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवण करून मंडळी निघाली आणि श्रीवर्धनच्या रस्त्यावर गुरुजींची सायकल सरळ रस्ता सोडून डाव्या हाताच्या झुडपांत शिरली. ना ब्रेक दाबला, ना ओरडले. कोपर आणि गुडघा सोलवटला, इतकेच. मित्र म्हणाले, ऊन लागले. गुरुजींनीही मान डोलावली. पण गावी परतल्यावर ड्रेसिंग करताना ते हळूच म्हणाले, ‘डॉक्टर, ऊन नव्हतं. मला झोप लागली होती. चालू सायकलवर.’

सायकल डावीकडे गेली म्हणून झुडपे भेटली. उजवीकडे गेली असती तर समोरून एखादी एस.टी. भेटली असती.

गुरुजींना स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार आहे. आपल्याकडे अजूनही घोरणे म्हणजे गाढ झोपेची खूण समजतात. वस्तुस्थिती बहुतेक वेळा उलटी असते. झोप लागली की सर्व स्नायूंप्रमाणे घशाचे स्नायूही सैल पडतात. शीतपेयाची कागदी नळी ओली झाल्यावर जोराने ओढली तर चिमटते ना, तसेच इथे घडते. माणूस श्वास ओढतो आणि घशाची मऊ वाट आतल्या आत चिकटते. छाती-पोट हलत असते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू घसरतो. मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागा करतो, मोठा घुरका येतो, वाट मोकळी होते आणि पुन्हा झोप. सकाळी यातले काहीही आठवत नाही.

श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ थांबला किंवा फार मंदावला, तर तो एक अडथळा धरतात. ताशी ५ पेक्षा कमी अडथळे हे सर्वसाधारण, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या पुढे तीव्र आजार. गुरुजींचा आकडा ४१ होता. म्हणजे रात्रभर, दर दीड मिनिटाला कोणीतरी येऊन खांदा हलवावा तसा प्रकार. अशी झोप आठ तास घेतली काय आणि दहा तास घेतली काय!

एक कबुली देतो. गुरुजींचा रक्तदाब सहा वर्षे माझ्याच हाताखाली होता. एका गोळीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन झाल्या, दाब काही हटेना. रात्री तीनदा लघवीला उठतात म्हणून साखर तपासली, प्रोस्टेट तपासली. माझ्याच बाकावर नंबर येईपर्यंत ते डुलकी काढीत आणि मी त्यावरून त्यांची थट्टा करी. झोपेबद्दल एक प्रश्न विचारायचे मला सुचले नाही. शेवटी वहिनी एकदा सोबत आल्या आणि म्हणाल्या, ‘यांचा श्वास रात्री मध्येच थांबतो हो. मी मोजत पडून असते.’ न हटणारा रक्तदाब, रात्री वारंवार लघवी, सकाळी जड डोके, दिवसा पेंग, चिडचिड. ही सारी एकाच आजाराची पिले होती.

या आजारावर नाकाला मास्क लावून हवेचा सौम्य दाब देणारे यंत्र वापरतात. त्याला सीपॅप म्हणतात. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ही पद्धत पाच रुग्णांवर वापरून प्रसिद्ध केली. त्यात औषध नाही आणि ऑक्सिजनही नाही. साधीच हवा, पण दाबाने आत जात असल्यामुळे घशाची वाट मिटत नाही. मात्र यंत्राने आजार बरा होत नाही, हे नीट समजून घ्यावे. चष्मा काढला की अक्षर जसे पुन्हा धूसर होते, तसे यंत्र काढले की श्वास पुन्हा अडू लागतो, बहुतेकांचा त्याच रात्री. त्यात सफरीवर दिवसभर पायडल मारून शरीर थकलेले, झोप कमी, आणि मित्रांच्या आग्रहाने कधी घोटभर दारू. दारूने घसा आणखी सैल पडतो. मग तिसऱ्या दिवशी चालू सायकलवर डोळा लागला तर नवल ते काय?

गुरुजींनी यंत्र घरी का ठेवले? तंबूत वीज नाही, हे सांगायचे कारण. खरे कारण त्यांनी नंतर सांगितले. नातू त्या नळीला ‘गणपतीची सोंड’ म्हणतो. सहा मित्रांसमोर ती सोंड लावून कसे झोपायचे? लाजेला माझ्याकडे औषध नाही. पण विजेचे गणित सुटण्यासारखे आहे, आणि ते सुटल्यावर लाज निम्मी होते असा अनुभव आला.

तर ते गणित. सीपॅपला दोन भाग असतात: हवा फेकणारा पंखा आणि हवा ओलसर-कोमट करणारी पाण्याची टाकी. वीज खाते ती टाकी. टाकीची आणि नळीची उष्णता बंद केली तर मध्यम दाबावर बहुतेक आधुनिक यंत्रे ५ ते १० वॉटवर चालतात. उष्णता चालू ठेवली तर हाच आकडा अनेक पटींनी वाढतो. गुरुजींचे यंत्र आमच्या इलेक्ट्रिशियनने मीटर लावून मोजले. टाकी काढून सरासरी ८ वॉट भरले. ८ वॉट गुणिले ८ तास म्हणजे रात्रीला ६४ वॉट-तास. बाजारात मोबाइलसाठी २०,००० मिलीॲम्पिअर-तासांची पॉवर बँक मिळते. हा आकडा ३.७ ने गुणून १००० ने भागला की ७४ वॉट-तास येतात. त्यातले दहा-पंधरा टक्के वाया जातात, म्हणजे एक रात्र कशीबशी निघते. शिवाय मोबाइलचे साधे ५ व्होल्टचे भोक सीपॅपला चालत नाही. काही यंत्रांना १२ व्होल्ट लागतात, काहींना २४. आपल्या यंत्राच्या ॲडाप्टरवरची चिठ्ठी वाचावी, कंपनीचीच वायर घ्यावी, आणि कोणा हौशी मित्राच्या भरवशावर वायरी जोडू नयेत. बॅटरीतून इन्व्हर्टर, इन्व्हर्टरमधून पुन्हा ॲडाप्टर अशी आडवाट केली तर वीज वाटेतच सांडते.

गुरुजींच्या मनात यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ ॲम्पिअर-तासांची बॅटरी होती. कागदावर ती ८४ वॉट-तास देते. पण शिशाची बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी केली तर लवकर मरते. म्हणजे हाती ४० च्या आसपास, मध्यरात्र उलटेपर्यंत पुरेल इतकेच. आणि वजन दोन किलोंच्या वर! कशेडीचा घाट नसला तरी केळशी-आंजर्ल्याचे चढ काही कमी नाहीत. डायनॅमोचाही हिशेब केला. चाकाच्या तुंब्यात बसणारा चांगला डायनॅमो बेताच्या वेगाला ३ वॉट देतो. सहा तास सायकल हाणली तर १८ वॉट-तास. म्हणजे घाम गाळून जेमतेम सव्वादोन तासांची झोप! सौरपट्टी कॅरिअरवर बांधली तर तिला ऊन धड कोनात मिळत नाही.

शेवटी लिथियमची, दोन रात्री पुरणारी बॅटरी घेतली. वजन किलोभराच्या आसपास. दुपारी जेवायला थांबू त्या खानावळीत ती चार्जिंगला लावायची, आणि खानावळवाल्याला आधी विचारायचे. कोकणातली खानावळवाली माणसे याला नाही म्हणत नाहीत. सायकलवरून पंढरपूरला जाणाऱ्यांची तर आणखी सोय, कारण मुक्काम बहुधा धर्मशाळेत किंवा शाळेत असतो आणि तिथे वीज असते. फक्त लांब वायर जवळ ठेवावी.

निघण्याआधी एक गोष्ट मी गुरुजींकडून करवून घेतली आणि ती सर्वांनी करावी. घरातच दोन रात्री, भिंतीच्या प्लगला हात न लावता, फक्त बॅटरीवर झोपायचे. पहिल्या रात्री पहाटे चारला यंत्र बंद पडले. पाहतो तर नळीची उष्णता चालूच राहिली होती. हे माजघरात कळले, आंजर्ल्याच्या वाडीत नाही.

तंबूत यंत्र जमिनीवर ठेवू नये. धूळ, वाळू आणि मुंग्या आत ओढल्या जातात. कॅरिअरच्या पिशवीवर ठेवावे, पण डोक्याच्या पातळीपेक्षा खाली, म्हणजे नळीत साचलेले पाणी नाकात येत नाही. पांघरुणाखाली यंत्र झाकू नये, नळी मात्र पांघरुणात घ्यावी. तंबूचे दार पूर्ण बंद करू नये आणि यंत्राजवळ स्टोव्ह किंवा मच्छर अगरबत्ती नको. फिल्टरची एक जादा जोडी बरोबर असावी. टाकी वापरत असाल तर सायकलवर बांधण्याआधी पाणी पूर्ण ओतून द्या, नाहीतर तेच पाणी मोटरमध्ये शिरते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत टाकीची फारशी गरज पडत नाही. देशावर थंडीत नाक कोरडे पडते, तिथे मिठाच्या पाण्याचे थेंब झोपताना टाकावेत. आणखी एक बारीक गोष्ट, जी दुकानदार सांगत नाही: दिवसभर तोंडाला लावलेले सनस्क्रीन किंवा खोबरेल धुऊन न काढता मास्क लावला तर तो घसरतो आणि कडेने हवा सुटते. झोपण्यापूर्वी साबणाने तोंड धुवावे, सकाळी मास्कची गादी पुसावी.

एखादी रात्र यंत्राविना काढावीच लागली तर कुशीवर झोपावे. उताणे झोपले की जीभ मागे पडते. जुन्या बनियनच्या पाठीवर खिसा शिवून त्यात रबरी चेंडू ठेवण्याचा उपाय हास्यास्पद वाटतो, पण उपयोगी आहे. जमीन उताराची असेल तर डोके चढाच्या बाजूला. दारू नाही, झोपेची गोळी नाही, सर्दीवर गुंगी आणणारी गोळीही नाही. आणि दुसऱ्या दिवशी पेंग येत असेल तर सायकल टेम्पोत टाकावी. त्या टेम्पोच्या चालकालाही विचारावे की बाबा, तू घोरतोस का? सायकलवाला झोपला तर एकटा पडतो. टेम्पोवाला झोपला तर सगळ्यांना घेऊन जातो. सौम्य किंवा मध्यम आजारात खालचा जबडा पुढे धरणारे साचेही दंतवैद्य बनवून देतात. त्यांना वीज लागत नाही, पण ते निघण्याच्या आदल्या आठवड्यात नव्हे, काही महिने आधी करून घ्यावेत.

हल्ली आपल्याकडची मंडळी लेह-लडाखलाही सायकली नेतात. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथे विरळ हवेमुळे निरोगी माणसाचाही श्वास झोपेत मध्येच थांबतो, आणि तो घसा मिटल्यामुळे नव्हे, तर मेंदूकडून येणारा इशाराच चुकल्यामुळे. नेहमीच्या दाबाचे यंत्र त्यावर पुरेसे पडत नाही. अशा पेशंटनी छातीच्या किंवा निद्राविकारांच्या तज्ज्ञाला विचारल्याशिवाय तो बेत आखू नये. विमानाने जाणार असाल तर लिथियम बॅटरी सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावी लागते. १०० वॉट-तासांपर्यंत अडचण येत नाही, त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते.

आता एक मजेची गोष्ट. तंबू हा आजार लपवण्याची जागा नसून सापडण्याची जागा आहे. घरी वेगळ्या खोलीत झोपणाऱ्याचे घोरणे कोणी ऐकत नाही, दोन हातांच्या तंबूत मात्र शेजारी ऐकतोच. दुसऱ्या वर्षी गुरुजींनी धीर करून सोंड लावली आणि शांत झोपले. मध्यरात्री त्यांना जाग आली ती शेजारच्या मित्राच्या घोरण्याने. घुर्र, घुर्र, मग एकदम शांतता. गुरुजींनी सवयीने घड्याळ पाहिले. बावीस सेकंद. मग मोठा घुरका. त्यांनी मोबाइलवर दहा मिनिटे आवाज टिपून घेतला आणि परत आल्यावर मित्राला हाताला धरून माझ्याकडे आणले. मित्राचे म्हणणे, ‘मला काही होत नाही, डॉक्टर, मी तर पडल्या पडल्या झोपतो.’ पडल्या पडल्या झोप लागणे हेही लक्षणच आहे, हे त्यांना पटवायला मला अर्धा तास लागला. आता ही तपासणी घरी यंत्र नेऊनही एका रात्रीत होते. त्यांचा आकडा २७ आला.

येत्या हिवाळ्यात ही मंडळी पुन्हा निघणार आहेत. यंत्रे दोन झाल्यामुळे बॅटऱ्याही दोन, आणि चढावर त्या कोणाच्या कॅरिअरवर बांधायच्या यावरून सध्या पारावर भांडण चालू आहे.