वही कोरी, दिवस भरलेला : नर्सरीच्या लीड टीचरचं न दिसणारं काम

शाळा सुटते, मूल गेटबाहेर येतं आणि घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आज मॅडमनी काय शिकवलं?" मूल म्हणतं, "काही नाही, खेळलो." मग दप्तर उघडलं जातं. वही कोरी असते. डब्यात अर्धी पोळी उरलेली असते आणि युनिफॉर्मवर रंगाचा डाग असतो. घरी कुणीतरी म्हणतं, "एवढी फी भरतो, आणि दिवसभर नुसतं खेळवतात!"

तुमच्याही घरी असं कधी बोललं गेलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे. आमच्या भिलाईत, सेक्टर २ मध्ये आणि आसपास सकाळी स्कूटरवर पुढे उभी राहून शाळेत जाणारी तीन-चार वर्षांची मुलं रोज दिसतात. ती ज्या वर्गात जातात, तो वर्ग सांभाळणारी लीड टीचर दिवसभर नेमकं काय करते, ते आज पाहू या.

लीड टीचर म्हणजे कोण?

प्लेस्कूल किंवा नर्सरीच्या वर्गात बहुतेक ठिकाणी दोन मोठी माणसं असतात, एक लीड टीचर आणि एक मदतनीस. आठवड्याचं नियोजन, मुलांच्या नोंदी, पालकांशी बोलणं आणि वर्गात काही झालं तर त्याचं उत्तर देणं, ही लीड टीचरची जबाबदारी. मुलांची स्वच्छता, डबा, सामानाची आवराआवर यांत मदतनीसाचा मोठा हात असतो.

एका टीचरकडे किती मुलं असावीत? केंद्र सरकारच्या २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणात तीन ते सहा वर्षांच्या २० मुलांमागे एक मोठी व्यक्ती असावी असं म्हटलं आहे. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी हेच प्रमाण १० मुलांमागे एक असं आहे. वर्ग तीन ते चार तासांचा असावा, असंही त्यात आहे. घरी दोन मुलं सांभाळताना जीव मेटाकुटीला येतो, हे आठवलं की २० हा आकडा किती मोठा आहे ते कळतं.

खेळ दिसतो, पण आत काय चालतं?

मुलं यायच्या आधी अर्धा तास टीचर वर्गात असते. एका कोपऱ्यात ठोकळे, एका कोपऱ्यात भातुकली, एका टेबलावर मळलेली कणीक, एका चटईवर चित्रांची पुस्तकं. कोणती वस्तू कुठे आणि किती ठेवायची याचा विचार केलेला असतो. मुलं पाच आणि गाडी एकच असेल तर भांडण होणार हे नक्की. अगदी लहान मुलांच्या वर्गात म्हणूनच एकसारख्या दोन-तीन गाड्या ठेवतात. चार-पाच वर्षांच्या मुलांत मात्र मुद्दाम एकच ठेवता येते, कारण त्यांना आता "आधी तू, मग मी" शिकायचं असतं.

कणीक मळणं, कागद फाडणं, मणी ओवणं, चिमटीने राजमा उचलून वाटीत टाकणं, हे सगळं लिहिण्याआधीचं लिहिणं आहे. पेन्सिल धरायला बोटांत आणि मनगटात जी ताकद लागते ती इथे तयार होते. ती नसताना तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन 'अ' गिरवायला लावला, तर मूल मुठीने पेन्सिल आवळतं, हात दुखतो आणि वहीचा कंटाळा कायमचा बसतो.

डबा खायच्या वेळी टीचर एखाद्या मुलीला सांगते, "सगळ्यांना एक एक बशी दे." एका मुलासमोर एक बशी, दुसऱ्यासमोर दुसरी. शेवटी दोन बशा उरल्या, म्हणजे आज दोन मुलं आली नाहीत. एक ते शंभर घोकण्यापेक्षा ही मोजणी खूप पुढची आहे, पण ती वहीत उतरत नाही.

या सगळ्या वेळात टीचरचे डोळे फिरत असतात. ती भिंतीला पाठ लावून अशा जागी बसते, जिथून सगळा वर्ग दिसतो. मदतनीस दुसऱ्या टोकाला असते. मैदानातून वर्गात, वर्गातून हात धुवायला, प्रत्येक वेळी मुलं मोजली जातात. कोण आज गप्प आहे, कोण सारखं कान ओढतंय, कुणी डबा उघडलाच नाही, हे ती टिपून ठेवते. भिलाईसारख्या गावात तर प्लांटची पाळीसुद्धा वर्गात येते. वडील रात्रपाळी करून घरी झोपले असतील, तर सकाळपासून "हळू बोल, बाबा झोपलेत" ऐकलेलं मूल शाळेत आल्याबरोबर आरडाओरडा करू शकतं. ज्या टीचरला हे माहीत असतं, ती रागवायच्या आधी त्याला पाच मिनिटं मैदानात पळवून आणते.

"मला चावला!"

आमच्या गावात या कामाला आणखी एक पदर आहे, भाषेचा. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९ मध्ये भिलाईची पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली आणि देशभरातून माणसं इथे आली. तेलुगू, मल्याळी, बंगाली, ओडिया, पंजाबी, सगळी. मराठी माणूस तर त्याआधीपासून या भागात आहे. इथे नागपूरकर भोसल्यांचं राज्य होतं, आणि १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूरच होती. त्यामुळे आजही इथल्या वर्गात घरी मराठी बोलणारं एखादं मूल असतंच. शाळेची भाषा मात्र हिंदी आणि इंग्रजी.

तीन वर्षांच्या मुलाला आपण कोणती भाषा बोलतो हेच माहीत नसतं. ते रडत येतं आणि म्हणतं, "मला चावला!" मराठी न येणाऱ्या टीचरला वाटतं, याला चावल, म्हणजे भात हवाय. प्रत्यक्षात त्याच्या दंडावर शेजारच्या मुलाचे दात उमटलेले असतात. ते "खाऊ" म्हणतं आणि हिंदी कानाला ऐकू येतं, "खाऊँ?" हे ऐकून आपल्याला हसू येतं. पण "शू आली" हे सांगूनही कुणाला न कळल्यामुळे सगळ्यांसमोर चड्डी ओली झालेल्या मुलासाठी ती हसण्याची गोष्ट नसते. दुसऱ्या दिवशी ते शाळेत जायला नको म्हणतं आणि घरच्यांना कारण सापडत नाही.

चांगली लीड टीचर पहिल्याच आठवड्यात प्रत्येक घरातून आठ-दहा शब्द मागून घेते. पाणी, भूक, शू, शी, दुखतंय, झोप, भीती, आई. हे शब्द ती कपाटाच्या आतल्या बाजूला लावून ठेवते. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि २०२२ चा पायाभूत स्तराचा अभ्यासक्रम आराखडा, दोन्ही सांगतात की या वयात मुलाची घरची भाषा वर्गात असायला हवी. कपाटाला चिकटवलेला तो कागद म्हणजे या धोरणाची वर्गातली अंमलबजावणी आहे.

मावशींशिवाय वर्ग चालत नाही

'लीड' हा शब्द ऐकून वाटतं की ही वर्गाची साहेब. प्रत्यक्षात अनेकदा लीड टीचर पंचविशीची असते आणि मदतनीस मावशी तिच्या आईच्या वयाच्या. मावशींनी चार मुलं वाढवलेली असतात. इथे भिलाईत त्या बऱ्याचदा छत्तीसगढी बोलतात, आणि वर्गातली कितीतरी मुलंही तीच भाषा बोलतात.

समजा, एखादं मूल सांगतं की मी बासी खाऊन आलो. बाहेरून आलेल्या टीचरच्या कपाळाला आठी पडते, मुलाला शिळं खायला घालतात म्हणून! मावशी समजावतात की बासी म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी मीठ, कांद्याबरोबर खातात ती न्याहारी, आणि उन्हाळ्यात इथली माणसं ती आवडीने खातात. एका वाक्यात त्या मुलाच्या घराचा मान राखला जातो. मावशींना कुठे जास्त कळतं हे ओळखून त्यांना विचारणं, हे लीड टीचरचं खरं कौशल्य आहे.

सणांच्या वेळीही ही जोडी कामाला येते. आपल्या नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो आणि मुलं लाकडी बैल सजवून मिरवतात. छत्तीसगढमध्ये पोऱ्याला मातीचे बैल आणि मातीची छोटी भांडी मुलांच्या हातात येतात. एकाच वर्गात लाकडी आणि मातीचा बैल शेजारी शेजारी उभे राहिले, की मराठी मुलाला आणि छत्तीसगढी मुलाला एकमेकांना दाखवायला काहीतरी मिळतं.

ही वाट आपल्याकडच्या बायकांनी घातली

लहान मुलांना शिकवणं म्हणजे कमी दर्जाचं काम, असं समजणाऱ्यांनी ताराबाई मोडकांची गोष्ट जरूर ऐकावी. १८९२ मध्ये जन्मलेल्या ताराबाई त्या काळच्या पदवीधर. राजकोटला शिक्षिका घडवणाऱ्या संस्थेच्या प्राचार्यपदापर्यंत त्या पोहोचल्या होत्या. ते सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे बालशिक्षणाचं काम करायला गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, १९३६ मध्ये त्यांनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केलं.

मग त्यांना प्रश्न पडला की शहरातल्या मुलांचं झालं, खेड्यातल्या मुलांचं काय? १९४५ मध्ये त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. त्यांच्यासोबत आल्या अनुताई वाघ, बालविधवा असूनही शिकून शिक्षिका झालेल्या. पाड्यावरची मुलं शाळेत येत नव्हती, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. पुढे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हललं. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी तिथे कुरणशाळा भरली. महागडी साधनं नव्हती, तेव्हा पानं, बिया, शिंपले हीच साधनं झाली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. अंगणातल्या त्या बालवाडीचं रूप आज देशभरातल्या अंगणवाड्यांच्या नावात दिसतं. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली.

कौतुक आहे, मोबदला?

माझ्या बरोबरीच्या, बीए झालेल्या कितीतरी मुलींना पहिली नोकरी नर्सरीत मिळते. मुलाखतीत इंग्रजी पाहिलं जातं. वर्गात गेल्यावर लागतं ते सगळं वेगळंच. चावणाऱ्या मुलाला आणि चावल्या गेलेल्या मुलाला एकाच वेळी कसं शांत करायचं, रडणाऱ्या मुलाला आईपासून कसं सोडवायचं, हे बीएच्या पुस्तकात नसतं. म्हणून प्रशिक्षण महत्त्वाचं. २०२० च्या धोरणात बारावी झालेल्या अंगणवाडी ताईंसाठी सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्या ताईंसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम सुचवला आहे.

मोबदल्याचं चित्र मात्र फार हळू बदलतं. २०१८ मध्ये केंद्राने अंगणवाडी सेविकांचं मानधन महिना ३,००० वरून ४,५०० रुपये केलं. राज्यं त्यात आपली भर घालतात. ग्रॅच्युइटीचा हक्क त्यांना आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. छोट्या खासगी शाळांत पगार पालकांच्या फीवर ठरतो. फी देताना पालक जे मागतात, तेच शाळा टीचरकडून करून घेते. पालकांनी भरलेली वही मागितली, तर टीचरला कणीक बाजूला ठेवून गिरवायला लावावंच लागतं. म्हणून या वर्गात काय चालावं, हे बऱ्याच अंशी आपण घरी काय विचारतो त्यावर अवलंबून आहे.

पालकांनो, एवढं जरूर करा

• पहिल्याच दिवशी मुलाचे घरचे शब्द टीचरला लिहून द्या. शू, शी, पाणी, दुखणं, आजी-आजोबांना मारायची हाक, सगळं.

• "काय शिकवलं?" ऐवजी विचारा, "आज कुणाबरोबर खेळलास? काय बनवलंस? कुणी रडलं का?" मूल भराभर बोलायला लागेल.

• निरोप छोटा ठेवा. "डबा खाऊन झाला, गोष्ट झाली की मी येते," एवढं सांगून निघा. लपून पळू नका, आणि सांगितलेल्या वेळेला पोहोचा.

• रात्री ताप आला, घरी पाहुणे आले, बाबांची पाळी बदलली, तर सकाळी टीचरच्या कानावर घाला. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

• मूल चार वर्षांचं होईपर्यंत लिहिण्याची घाई करू नका. घरी पोळ्या करताना कणकेचा गोळा त्याच्याही हातात द्या.

• टीचरइतकाच मान मावशींना द्या. त्यांना नावानिशी नमस्कार करायला मुलाला शिकवा.

उद्या दप्तरातून कोरी वही निघाली, तर मुलाची बोटं बघा. नखांत कणीक अडकली असेल, तर आजचा अभ्यास झालेला आहे.