लाल मातीतला फुटबॉल

मँचेस्टरला युनायटेड आहे, लिव्हरपूलला एव्हर्टन आहे. कोल्हापूरला खंडोबा आहे, वेताळमाळ आहे, ऋणमुक्तेश्वर आहे आणि उत्तरेश्वरची वाघाची तालीमही आहे. ही नवसाच्या देवस्थानांची यादी नाही. हे सगळे फुटबॉलचे संघ आहेत, आणि यांच्या सामन्याला जी गर्दी लोटते ती बघून भल्याभल्या व्यावसायिक क्लबांना घाम फुटेल.

आमच्या कडा-आष्टी भागात खेळ म्हटलं की पहिलं नाव अविनाश साबळेचं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या या गड्याचं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं स्टीपलचेसचं सुवर्ण २०२२ मध्ये अवघ्या ०.०५ सेकंदानं हुकलं. पुढच्याच वर्षी त्यानं हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सोनं घेऊन हिशेब चुकता केला. त्याच्या खालोखाल कुस्ती. यात्रा आली की फड रंगतो, नारळावरच्या कुस्तीपासून सुरुवात होते. त्यामुळं तालीम म्हटलं की आपल्याकडं लंगोट, लाल माती आणि मारुतीची तसबीर एवढंच डोळ्यांपुढं येतं. कोल्हापुरात त्याच तालमीच्या कट्ट्यावर बसून पोरं फुटबॉलच्या बुटांच्या नाड्या बांधत असतात.

कुस्तीच्या पंढरीत चेंडू कसा शिरला?

राजाश्रयानं. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये विलायतेला गेले, वाटेत रोमचं जुनं रिंगण पाहिलं आणि कोल्हापुरात १९१२ पर्यंत खासबागेचं कुस्ती मैदान उभं राहिलं. पुढं राजाराम महाराजांच्या काळात, १९४० मध्ये, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. गावात तिचं पूर्ण नाव कुणी घेत नाही, सगळे ‘केएसए’च म्हणतात. छत्रपती घराणं आजही या संस्थेशी जोडलेलं आहे. कुस्तीसाठी आखाडा आणि फुटबॉलसाठी असोसिएशन, दोन्ही एकाच घराण्याच्या आधारानं वाढले.

पण खरी गंमत तालमींची. इंग्लंडात कारखान्याच्या, चर्चच्या नाहीतर रेल्वे कामगारांच्या संघांतून क्लब जन्मले. कोल्हापुरात पेठेची तालीम आधीपासून होतीच, तिनंच फुटबॉल संघ काढला. गणपतीची मिरवणूक, शिवजयंती, रक्तदान शिबिर, कुणाच्या घरचं लग्नकार्य आणि लीगचा सामना, सगळ्याला माणसं तीच. म्हणून हे क्लब कधी अनोळखी झाले नाहीत. सेंटर फॉरवर्डनं सोपा गोल चुकवला, तर संध्याकाळी कोपऱ्यावरचा चहावाला, शेजारचा काका आणि शाळेतला जुना वर्गमित्र असे तिघंही त्याला वेगवेगळा हिशेब विचारतात. व्यावसायिक खेळाडूला पत्रकार परिषदेत इतकं सोसावं लागत नसेल!

एका पेठेत किती संघ मावतात?

मंगळवार पेठेत पाटाकडील तालीम मंडळ, म्हणजे सगळ्यांचं ‘पीटीएम’, आणि तिथंच बालगोपाल तालीम. शिवाजी पेठेत शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम आणि संध्यामठ. रविवार पेठेचं दिलबहार. शिवाय प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी, जुना बुधवार, झुंजार, सोल्जर ग्रुप. इंग्लंडात एकाच शहरातले दोन क्लब भिडले की त्याला ‘डर्बी’ म्हणून आठवडाभर आधीपासून वातावरण तापवतात. कोल्हापुरात जवळपास प्रत्येक सामना डर्बीच असतो, आणि कधी कधी तर दोन्ही संघ एकाच पेठेतले.

सगळे सामने राजर्षी शाहू स्टेडियमवर. आज जिथं कॉर्नर किक मारतात तिथं एकेकाळी रावणेश्वराचं तळं होतं. जुन्या कोल्हापुरातली अशी बरीच तळी पुढं बुजवली गेली. शिवाजी पेठेतलं गांधी मैदानही वरुणतीर्थाच्या जागेवर आहे. म्हणून जोराचा पाऊस झाला की मैदानाला आपलं मूळ आठवतं आणि तिथं पुन्हा पाणी साचतं.

सामन्याच्या दिवशी दुपारपासूनच हलगी आणि कैताळाचा आवाज सुरू होतो. गॅलरीत ज्याची त्याची जागा ठरलेली, झेंडे ठरलेले, आणि रेफ्रीच्या सात पिढ्यांचा उद्धारही ठरलेला. प्रेक्षकांत पोरंटोरं असतात तसे धोतर-टोपीतले आजोबाही असतात आणि ऑफसाइड कुठं झाला हे ते लाइन्समनच्या आधी ओरडून सांगतात. विश्वचषक आला की पेठा ब्राझील आणि अर्जेंटिनात वाटल्या जातात; गल्लीत निळे-पांढरे आणि पिवळे-हिरवे झेंडे लागतात. त्या काळात घराघरांत राजकारणापेक्षा मेस्सीवरून जास्त भांडणं होतात.

आता कडू गोष्टही सांगून टाकावी. हुल्लडबाजी हा या फुटबॉलचा जुना रोग आहे. समर्थकांत मारामाऱ्या, दगडफेक, गुन्हे दाखल होणं, सगळं झालंय. स्टेडियमभोवती पोलीस बंदोबस्त नसेल तर सामना मोठा नाही असं समजायचं. पेठेवरचं प्रेम हे या क्लबांचं भांडवल आहे आणि डोकेदुखीही तीच आहे. माझ्या मते बाकी सगळं खपतं, पण मैदानात येणारा दगड कुठल्याही पेठेचा नसतो.

चषकांवरून शहर कळतं

महापौर चषक, अटल चषक, सतेज चषक. स्पर्धांची नावं नुसती वाचली तरी शहराच्या राजकारणाचा अंदाज येतो. नेत्याला इथं सभेला माणसं जमवण्यापेक्षा चषक ठेवणं सोपं, कारण गर्दी आपोआप येते. मोठी बक्षिसं आली तसे खेळाडूही लांबून येऊ लागले. गेल्या काही वर्षांत तांबड्या-पांढऱ्याच्या या गावात नायजेरियातले खेळाडूही पेठेच्या जर्सीत धावले. पेठेच्या पोराला बाकावर बसवून परदेशी पाहुण्याला खेळवायचं का, यावर तालमींमध्ये भरपूर खल झाला.

एवढं असूनही आयएसएल किंवा आय-लीगमध्ये कोल्हापूरच्या पेठेचा एकही संघ उतरलेला नाही. इंग्लंडातही अशा बिगर-लीग क्लबांचं मोठं जग आहे. तिथं वरच्या चार श्रेणींतले ९२ क्लब सोडले की बाकीचे सगळे त्यात येतात. जगातला सर्वात जुना फुटबॉल क्लब, शेफिल्ड एफसी, त्यातच आहे. स्थापना १८५७. म्हणजे आपल्याकडं उठावाच्या तोफा धडाडत होत्या तेव्हा तिकडं काही मंडळी फुटबॉलचे नियम लिहायला बसली होती. या क्लबला २००४ मध्ये फिफानं ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ दिलं. हा मान मिळालेला दुसरा क्लब एकच, रिआल माद्रिद. शेफिल्डच्या सामन्याला मात्र जेमतेम काहीशे माणसं असतात. हलगी असती तर आणखी आली असती.

कोल्हापूरचा गडी आणि पुण्याची कोंबडी

२०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. फिफाच्या विश्वचषकात भारत पहिल्यांदाच खेळत होता आणि त्या संघात पुढच्या फळीत होता कोल्हापूरचा अनिकेत जाधव. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तो घडला. भारत गटातले तिन्ही सामने हरला, पण अमेरिका, कोलंबिया आणि घानापुढं उभं राहण्याचा अनुभव त्याच्या गाठीशी आला. पुढं जमशेदपूरकडून खेळत असताना २०१९ मध्ये तो सरावासाठी इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडं गेला.

आता या ब्लॅकबर्नची मालकी कुणाची? पुण्याच्या वेंकीजची! अंडी आणि कोंबड्यांच्या धंद्यातल्या या कंपनीनं नोव्हेंबर २०१० मध्ये १८७५ सालचा हा क्लब विकत घेतला. ज्या क्लबनं १९९५ मध्ये प्रीमियर लीग जिंकली होती, त्याच्या खेळाडूंना मग कंपनीच्या जाहिरातीत चिकनवर ताव मारताना लोकांनी पाहिलं. गावातले समर्थक आधीच चिडलेले. मे २०१२ मध्ये विगनविरुद्धच्या सामन्यात क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी थेट मैदानात अवतरली. सामना हरला, क्लब प्रीमियर लीगमधून खाली घसरला आणि कोंबडीचा फोटो जगभर छापून आला. पोल्ट्रीवाल्या शेतकऱ्यांच्या महाराष्ट्रानं इंग्लंडच्या फुटबॉलला असा हातभार लावला.

नागपूरची गोष्ट वेगळ्याच वळणाची आहे. तिथं क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना भर पावसात झोपडपट्टीतली मुलं फुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली. त्यांनी मुलांना चेंडू दिला आणि २००१ पासून झोपडपट्टी फुटबॉल सुरू झाला. त्यावरचा ‘झुंड’ २०२२ मध्ये आला. दिग्दर्शक नागराज मंजुळे हे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. कड्याहून कर्जत-जामखेड ओलांडलं की करमाळाच लागतो, म्हणून या सिनेमाचा थोडा अभिमान आपणही बाळगायला हरकत नाही.

कड्याहून सामन्याला जायचं कसं?

पूर्वी एसटीशिवाय गत्यंतर नव्हतं. सप्टेंबर २०२२ मध्ये नगर ते न्यू आष्टी ही ६६ किलोमीटरची रेल्वे सुरू झाली आणि कड्याला स्टेशन मिळालं. नगरला उतरून महाराष्ट्र एक्सप्रेस धरायची. गोंदियाहून निघणारी ही गाडी दौंड, पुणे, मिरज करत थेट कोल्हापूरला नेऊन सोडते. वेळापत्रक बघूनच निघा, नाहीतर नगरच्या फलाटावर वडापाव खात बसावं लागेल. हंगाम हिवाळ्यात सुरू होतो आणि पावसाळा तोंडावर येईस्तोवर चालतो.

स्टेडियममध्ये शेजारचा हमखास विचारणार, “पाव्हणं, कुठल्या पेठंचं?” छातीठोकपणे सांगायचं, कडा, तालुका आष्टी. हा संघ कुठल्याच चषकात नाही, त्यामुळं कुठल्याही गॅलरीत बिनघोर बसता येतं.