उशिरा पेटणारं डिझेल

संपादकांनी मला डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला पाठवलं ते तिथल्या टेकडीवर लिहायला. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला सुरू केलेलं ग्राम बाल शिक्षा केंद्र 1957 मध्ये इथं आलं. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी इथल्या वारली पोरांची शाळा थेट गुरं चरतात त्या कुरणात नेली. 1976 पासून टेकडीवर कृषी विज्ञान केंद्रही आहे. यावर पुष्कळ लिहून झालंय, आणि बरंचसं चांगलं आहे. मी ते वाचलं, टिपणं काढली आणि टेकडीच्या पायथ्याशी एका पत्र्याच्या शेडमध्ये अडकलो.

शेडमध्ये एक मेटॅडोर उभी होती. खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे, आत प्लायवूडची खाट, शेगडी, पाण्याची टाकी. निवृत्त शिक्षक नवरा आणि बालवाडीचं प्रशिक्षण तरुणपणी याच टेकडीवर घेतलेली बायको, असं जोडपं वर्षातले काही महिने या गाडीत राहतं. गाडी 1988 सालची. तिचं दुखणं असं, की चढ लागला आणि पाच-सात मिनिटं गेली की एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणारा बिडाचा फाटेदार पाइप, लालभडक होतो. मेटॅडोरचं इंजिन दोन सीटांच्या मधोमध, एका झाकणाखाली बसतं. त्यामुळे हे लाल होणं बाकीच्या गाड्यांसारखं बोनेटखाली लपून राहत नाही. ते मांडीला कळतं. बाई सांगत होत्या, "झाकणावर पोळपाट ठेवला तर पोळी भाजून निघेल."

इथं गाडीची कुळकथा थोडक्यात सांगायला हवी. नवलमल फिरोदियांनी 1958 मध्ये बजाज टेम्पो सुरू केली, ती आजची फोर्स मोटर्स. मेटॅडोरचा मूळ आराखडा जर्मन. ओढ पुढच्या चाकांना, म्हणून मागची जमीन खाली आणि सपाट. रुग्णवाहिका, दुधाची गाडी, लग्नाचं वऱ्हाड, सगळं तिच्यात मावलं ते त्यामुळेच. ऐंशीच्या दशकात डाइमलर-बेंझच्या परवान्याने तिला ओएम 616 हे डिझेल इंजिन मिळालं. चार सिलिंडर, 2.4 लिटर. मर्सिडीजच्या 240 डी या मोटारीत 1973 पासून हेच इंजिन होतं आणि युरोपभरच्या टॅक्सीवाल्यांनी त्याच्याकडून लाखो किलोमीटर काम करून घेतलं. मरायला कठीण असं इंजिन. म्हणूनच ते लाल का होतंय हे कुणाला सांगता येत नव्हतं.

याआधी दोन-तीन गॅरेजांत गाडी जाऊन आली होती. एकाने रेडिएटर साफ केला. पाण्याचा काटा कधी मधल्या खुणेच्या वर गेला नव्हता, तरीही. एकाने सायलेन्सर बदलला. शेवटच्याने मॅनिफोल्डला उष्णतारोधक पट्टी गुंडाळून दिली. इथल्या मिस्त्रींनी पहिल्यांदा ती पट्टी कापून काढली. मला वाटलं चिडलेत, पण ते फक्त बिडाकडे बघत होते. पट्टीने केबिनमधली धग थोडी कमी झाली असेल, पण उष्णता लोखंडातच कोंडली आणि एका फाट्याच्या मुळाशी केसाएवढी चीर पडली होती.

मिस्त्री साठीचे. बाप डहाणूच्या खाडीतल्या बोटींची इंजिनं बघायचा. हे स्वतः शिकले चिकूच्या वाड्यांमधल्या पाण्याच्या इंजिनांवर. मिनिटाला साडेसहाशे फेरे घेणारी, एका सिलिंडरची, लिस्टर धाटणीची ती इंजिनं. त्यांच्यात प्रत्येक स्फोट सुटा ऐकू येतो, त्यामुळे कान तयार होतो. मेटॅडोर चालू करून त्यांनी नुसतं ऐकलं, मग एकेका नोझलच्या पाइपचा नट पाव फेरा सैल करून परत आवळला. ज्या सिलिंडरचं डिझेल तोडल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो आधीच आजारी. चारही वेळा इंजिन सारखंच लंगडलं. "चौघं भाऊ सारखेच," ते म्हणाले. "सर, एकाचा दोष नाय. घरचाच काय तो."

हा निदानाचा पहिला फाटा. एकच फाटा आधी लाल होत असेल तर संशय त्या सिलिंडरचा: नोझल ठिबकतंय, किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही. चारही लाल होत असतील तर चौघांना जे सामाईक आहे तिकडे जायचं. म्हणजे येणारी हवा, जाणारी वाट, डिझेलचं माप आणि डिझेलची वेळ.

हवा तपासली. फिल्टर ठीक, रबरी नळी आतून चिकटलेली नाही. जाणारी वाट तपासायला पुढचा पाइप सोडवून गाडी सायलेन्सरशिवाय चढावर नेली. आसपासची कुत्री गोळा झाली, मॅनिफोल्ड तेवढाच लाल. टॅपेट थंड इंजिनावर फिलर गेजने मोजले. या इंजिनाला आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला 0.10 आणि बाहेर सोडणाऱ्याला 0.30 मिलिमीटर फट लागते. बाहेरचे दोन जरा आवळलेले होते, ते सैल केले. फट नसेल तर तापलेला व्हॉल्व्ह लांबतो, पूर्ण मिटत नाही आणि जळता वायू त्याच्या अर्धवट उघड्या तोंडातून मॅनिफोल्डमध्ये शिरतो. पण एवढ्याने चौघं लाल होणार नाहीत, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं.

लाल म्हणजे किती, हेही पाहण्याजोगं आहे. न्यूयॉर्कच्या जॉन विल्यम ड्रेपर या शास्त्रज्ञाने 1847 मध्ये दाखवलं की पदार्थ कुठलाही असो, अंधारात तो साधारण 525 अंश सेल्सियसला मंद लाल दिसू लागतो. चेरीसारखा लाल दिसला तर साडेसातशेच्या आसपास. पिस्टन अॅल्युमिनियमचा, आणि शुद्ध अॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं. तो तगतो तो खालून उडणाऱ्या तेलामुळे, आणि ज्वाळेशी गाठ क्षणभरच पडते म्हणून. मिस्त्रींकडे बंदुकीसारखा तापमापक आहे. चकचकीत पत्र्यावर तो खोटं, कमी आकडा दाखवतो, गंजलेल्या बिडावर बऱ्यापैकी खरं बोलतो. तरीही ते चाचणी संध्याकाळीच घेतात. इंजिनावरचं झाकण काढून टेकडीचा चढ, आणि डोळा मॅनिफोल्डवर.

राहिलं माप आणि वेळ. मापाचा स्क्रू पाहताच ते हसले. डिझेल पंपाचं सील तुटलेलं, पूर्ण लोडचा स्क्रू कुणीतरी बराच फिरवलेला. पेट्रोल इंजिनात मिश्रण पातळ झालं तर एक्झॉस्ट तापू शकतो, डिझेलचं उलट. जेवढं जास्त डिझेल तेवढी जास्त धग, आणि हवा पुरली नाही की वर काळा धूर. मला वाटलं चोर सापडला. मिस्त्री म्हणाले, "हा स्क्रू कुणी हौसेने फिरवला नाय. पिकअप गेला होता म्हणून फिरवला. पिकअप का गेला?"

मग त्यांनी जे केलं ते पाहण्यासाठी मी लेखाचा मूळ विषय सोडला.

इंजिनाला डिझेल कोणत्या क्षणी मिळतं हे मोजायची जुनी रीत थेंबांची आहे. पहिल्या सिलिंडरचा पाइप काढायचा, पंपाच्या त्या तोंडातली छोटी झडप आणि स्प्रिंग काढून तोंड पुन्हा बसवायचं, त्याला वाकडी बारीक नळी लावायची. हातपंपाने डिझेल ढकललं की नळीतून धार लागते. आता क्रँकच्या नटावर पाना घालून इंजिन हाताने, चालतं त्याच दिशेने, अगदी सावकाश फिरवायचं. पंपाचा दट्ट्या वर येऊन आतलं भोक झाकू लागतो तशी धार बारीक होते, तुटते, थेंब होतात. सेकंदाला एक थेंब, तिथे थांबायचं. डिझेल त्या क्षणी नोझलकडे निघतं. पुलीवरचा अंश वाचायचा. या इंजिनात तो पिस्टन सर्वांत वर पोचण्याच्या 24 अंश आधी हवा.

दोन थेंबांमधलं अंतर वाढत असताना मिस्त्री श्वास रोखून पाना ढकलत होते, आणि एकदा थोडं पुढे गेलं. मला वाटलं मागे घेतील. त्यांनी मागे घेतलं नाही. क्रँकवरून पंप फिरवणाऱ्या चेनमध्ये ढिलाई असते. उलट फिरवलं की ती ढिलाई दुसऱ्या बाजूला जाते आणि आकडा खोटा येतो. त्यांनी इंजिनाचे पूर्ण दोन फेरे पुन्हा घेतले आणि थेंबाशी परत आले. असं तीनदा. तिन्ही वेळा आकडा 18 आणि 19 च्या मध्ये.

पाच-सहा अंश उशीर. उशिरा गेलेलं डिझेल उशिरा पेटतं. पिस्टन खाली निघालेला असतो, ज्वाळा अजून चालू असते, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा जी ताकद चाकांना जायची ती उष्णता होऊन मॅनिफोल्डला मिळते. एरवीही इंधनातल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा धुराबरोबरच जातो. उशीर झाला की हा हिस्सा वाढतो. पिकअप मेला, म्हणून कुणीतरी डिझेल वाढवलं, म्हणून आग आणखी वाढली. पाण्याचा काटा हे सांगणार नाही, कारण ही उष्णता पाण्यापर्यंत येण्याआधीच बाहेर पडते.

अमेरिकेत 1973 ते 1978 या काळात जीएमसीने बनवलेली मोटरहोम आजही लोक जपतात. तीही पुढच्या चाकांवर ओढणारी, इंजिनही पुढेच. पण पेट्रोलचं, सुरुवातीला साडेसात लिटरचं. त्या काळात धुराचे नियम पाळण्यासाठी तिकडचे कारखाने ठिणगी मुद्दाम उशिरा पाडत. तिथलेही मॅनिफोल्ड तापून तडकतात. इंधन वेगळं, रोग तोच. आणि आजच्या बीएस 6 डिझेल गाड्या फिल्टरमधली काजळी जाळण्यासाठी अधूनमधून एक्झॉस्ट मुद्दाम सहाशे अंशांकडे नेतात. त्यांच्यात संगणक पहारा ठेवतो, इथे एक माणूस थेंब मोजतो.

पंप सैल करून जरासा इंजिनाकडे झुकवला, थेंब 24 वर आणला, स्क्रू मागे घेतला. संध्याकाळच्या चढावर मॅनिफोल्ड काळाच राहिला. बंदुकीचा आकडा पाचशेच्या आत.

पण हे तात्पुरतं आहे, आणि मिस्त्रींनी ते लपवलं नाही. वेळ सरकली ती चेन लांबल्यामुळे. पंप झुकवून डिझेलची वेळ दुरुस्त झाली. व्हॉल्व्ह उघडमीट करणारा कॅम त्याच चेनवर आहे आणि तो अजून उशिराच चालतोय. चेन बदलायची तर जुनीचा एक दुवा कापून त्याला नवी जोडायची आणि इंजिन हाताने फिरवत नवी आत ओढून घ्यायची. या कामात चेन हातातून एकदा निसटली तर पूर्ण इंजिन उघडावं लागतं. त्यासाठी दोन माणसं लागतात. मिस्त्रींचा मुलगा बोईसरच्या कारखान्यात पाळीवर जातो. त्याला हे काम येतं, पण सुटी मिळत नाही.

पंप चाचणीच्या बाकावर चढवून चारही तोंडांचं माप सारखं आहे का हेही बघायला हवं. नोझल बनवणाऱ्या मायको कंपनीने नाशिकच्या सातपूरला कारखाना काढला तेव्हापासून नोझलचं काम जाणणारी एक पिढी तिकडे तयार झाली. मिस्त्री ज्या माणसाकडे पंप पाठवायचे त्याने आता बाक विकलाय. नव्या कॉमन रेलच्या गाड्यांना त्याचा उपयोग नाही. चिरलेल्या मॅनिफोल्डचं तेच. बीड जोडणारा वेल्डर मिळतो, पण जोडलेलं बीड चढावरच्या तापण्या-निवण्यात किती टिकेल याची हमी कुणी देत नाही.

वर कायदा. केंद्राच्या 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदणी आणि ‘व्हीए’ची पाटी मिळायला गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, शिवाय चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. ही मेटॅडोर 2038 मध्ये पन्नाशीला येईल, आणि खाट-शेगडी बसवलेली बॉडी तेव्हाही आडवी येईलच. महाराष्ट्राचं कॅरव्हान धोरणही 2021 चंच, पण त्याचा डोळा पर्यटनाच्या धंद्यावर. म्हातारी, घरगुती, धूर सोडणारी गाडी कुठल्याच खान्यात बसत नाही, आणि खरं सांगायचं तर तिचा धूर मलाही सगळा पटत नाही. डहाणू तालुका 1991 पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर आहे. इथल्या चिकूवर काजळी बसलेली कुणाला नको. टायमिंग नीट असलेलं इंजिन काळा धूर कमी सोडतं एवढंच तिच्या बाजूने म्हणता येईल.

सरांना दिवाळीआधी जव्हारच्या चढाने नाशिकला जायचंय. मिस्त्री म्हणतात चेन बदलल्याशिवाय जव्हार नको. सपाट महामार्गाने, ठाण्यावरून वळसा घालून जा. कसाऱ्याचा घाट तिकडेही लागणारच, असं बाईंनी लक्षात आणून दिलं. त्यावर सरांचं किंवा मिस्त्रींचं उत्तर आलेलं नाही. चेन मागवली आहे. मुलाची सुटी कधी, ते बोईसरहून कळायचंय.