सोमसूत्र ओलांडण्यापूर्वी

शंकराच्या देवळात पूर्ण प्रदक्षिणा घालीत नाहीत. अभिषेकाचे पाणी ज्या पन्हळीतून गाभाऱ्याबाहेर पडते, ते सोमसूत्र. तेथवर जायचे आणि ते न ओलांडता माघारी वळायचे, ही रीत आम्ही लहानपणी आजीचे बोट धरून शिकलो. ती पंचावन्नाव्या वर्षी उपयोगी पडेल आणि तीही उत्तर अमेरिकेतील एका सरोवराभोवती मोटारसायकलवरून फिरण्याची आखणी करताना, असे मात्र कधी स्वप्नातही आले नव्हते.

त्याचे असे झाले. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेत मिनियापोलिस येथे असतात. गेल्या दिवाळीत ते तीन आठवड्यांसाठी इंदूरला घरी आले आणि फराळाला बसले असता म्हणाले, "बाबा, पुढच्या ऑगस्टात सुपीरियर सरोवराला मोटारसायकलने फेरी घालू. रात्री तंबूत राहायचे. तुम्ही मागे बसायचे." आम्ही उत्साहाच्या भरात होकार देऊन बसलो. आमच्या सौभाग्यवती काहीच बोलल्या नाहीत.

त्यांच्या न बोलण्याचे कारण घरात सर्वांस ठाऊक आहे. आमचे धाकटे बंधू १९९६ साली देवासहून स्कूटरवर येताना अपघातात गेले. रात्र झाली होती, पाऊस होता, डोक्यावर हेल्मेट नव्हते. "आज इथेच मुक्काम करा," असा आग्रह यजमानांनी केला होता. पण रात्रीच घर गाठायचे, हा बंधूंचा हट्ट. तेव्हापासून आमच्या घरी दुचाकीचा विषय निघाला की बोलणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो.

दोन दिवसांनी सौ. म्हणाल्या, "जायला माझी ना नाही. पण तीन प्रश्नांची उत्तरे लिहून द्या. रोज रात्री कुठे असाल? वाटेत काही झाले तर मला कसे कळेल? आणि मागे फिरायचे ठरले तर कुठून फिराल?" आम्ही जन्मभर प्रश्नपत्रिका काढल्या, पण इतकी नेमकी प्रश्नपत्रिका आमच्या हातून कधी निघाली नाही. आम्ही कोरी वही घेतली आणि चिरंजीवांसह नकाशा पसरून बसलो.

हे सरोवर म्हणजे साधे तळे नव्हे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८२,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या चंबळेवरील गांधीसागराच्या शंभराहून अधिक पट! कमाल खोली ४०६ मीटर. पृथ्वीच्या पृष्ठभागावरील गोड्या, न गोठलेल्या पाण्याचा सुमारे दहावा हिस्सा या एका सरोवरात आहे. तेथील मूळचे ओजिब्वे लोक त्यास 'गिचिगामी', म्हणजे महाजल, म्हणतात. १० नोव्हेंबर १९७५ रोजी 'एडमंड फिट्झजेराल्ड' हे प्रचंड मालवाहू जहाज येथील वादळात २९ खलाशांसह बुडाले. अशा पाण्याच्या काठाने जाणाऱ्याने शरद ऋतूची वाट पाहू नये. जूनमध्ये चावऱ्या माश्यांचा उपद्रव असतो. म्हणून ऑगस्टचा उत्तरार्ध आम्ही निश्चित केला. आमची अर्जित रजा शिल्लक आहे, आणि गणपतीपूर्वी घरी पोहोचता येते.

काठाकाठाने पूर्ण फेरी सुमारे २,१०० किलोमीटरांची होते. पश्चिमेस व दक्षिणेस अमेरिकेची मिनेसोटा, विस्कॉन्सिन व मिशिगन ही राज्ये, आणि उत्तरेस व पूर्वेस कॅनडाचा ऑन्टारियो प्रांत. दिशा कोणती घ्यावी, याचा निर्णय सौ.नी एका वाक्यात दिला: "प्रदक्षिणा आहे ना? मग पाणी उजव्या हातास ठेवा." नर्मदेची परिक्रमा करणारेही नदी उजवीकडेच ठेवतात. गंमत अशी की व्यवहारदृष्ट्याही हेच योग्य. त्या देशांत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. त्यामुळे या दिशेने निघाले की आपली बाजू पाण्यालगतची होते, आणि जागोजागी थांबताना समोरून येणाऱ्या वाहनांचा प्रवाह छेदावा लागत नाही.

नंतर आमच्या ध्यानी आले की सरोवराचे पाणी ज्या सेंट मेरीज नदीतून ह्यूरन सरोवराकडे वाहत जाते, तीच दोन देशांमधली सीमा आहे. तिच्या दोन्ही तीरांवर सू सेंट मेरी याच नावाची दोन गावे आहेत, एक कॅनडात, दुसरे अमेरिकेत. त्यांना जोडणारा आंतरराष्ट्रीय पूल १९६२ साली खुला झाला. म्हणजे ही या सरोवराची पन्हळच, आणि प्रदक्षिणा पुरी करायची तर ती ओलांडणे भाग. सौ. हसून म्हणाल्या, "सोमसूत्र ओलांडायला निघालात की!"

पहिला प्रश्न मुक्कामांचा. डलूथ गावाहून निघायचे. पहिली रात्र ग्रँड मरेजच्या परिसरात. दुसऱ्या दिवशी पिजन नदीवरील चौकीतून कॅनडात प्रवेश आणि थंडर बेजवळच्या 'स्लीपिंग जायंट' उद्यानात तंबू. तेथे एक दिवस विश्रांती. मग रॉसपोर्टनजीक रेनबो फॉल्स. पुढे नीझ, जेथे दुसऱ्या महायुद्धात जर्मन युद्धकैद्यांची छावणी होती. त्यानंतर वावा, मग अगावा बे. तेथे ओजिब्वे लोकांनी गेरूने रंगविलेली चित्रे पाण्यालगतच्या कड्यावर आहेत, भीमबेटका पाहिलेल्यांना ती ओळखीची वाटतील. तेथून पूल ओलांडून मिशिगनमधील ब्रिम्ली; पुढे म्युनिसिंगला दोन रात्री, पोर्क्युपाइन पर्वतावर एक, आणि बाराव्या दिवशी पुन्हा डलूथ. विश्रांतीचे दिवस सोडता सरासरी रोज २१० किलोमीटर. सौ.नी त्यात तेरावा दिवस राखीव म्हणून स्वतःच्या हाताने लिहिला.

याच प्रश्नाच्या पोटात कागदपत्रे आली. भारतीय पारपत्रधारकास दोन्ही देशांचे स्वतंत्र व्हिसे लागतात; आणि ज्या देशातून बाहेर पडून पुन्हा तेथेच यायचे, तेथील व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा असावा लागतो. वाहनाची नोंदणी, विमा कॅनडातही चालतो असे विमाकंपनीचे लेखी प्रमाण, आणि दोन्ही देशांत लागू होणारा आजारपणाचा विमा हे सोबत हवे. आमच्यासारख्या शासकीय नोकरास खात्याची परवानगी हवी, ती वेगळीच! सीमेवर खाण्याचा प्रत्येक जिन्नस सांगावा, लपवू नये. फळे, दूधतुपाचे पदार्थ यांचे नियम निघण्यापूर्वी पाहून घ्यावेत. जळाऊ लाकूड तर सीमेपलीकडे मुळीच नेऊ नये. झाडे पोखरणारे किडे त्यातून नव्या रानात पसरतात. लाकूड जेथे जाळायचे तेथेच विकत घ्यावे.

सौ.नी मेथीचे लाडू द्यायचे ठरविले होते. त्यांवर चिरंजीवांनी वेगळीच हरकत घेतली: अस्वले! त्या रानांत काळी अस्वले आहेत आणि त्यांना वास दुरून येतो. मोटारवाले अन्न गाडीत कुलूपबंद ठेवतात. मोटारसायकलस्वारास ती सोय नाही. म्हणून उद्यानातील लोखंडी पेटीत, ती नसल्यास झाडाच्या फांदीस उंच टांगून अन्न ठेवावे. तंबूत साबणाची वडीदेखील ठेवू नये. वजनाचाही हिशेब झाला. चिरंजीव ७२ किलो, आम्ही ६६, सामान ३०: एकूण १६८. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत हे बसते. पण त्यासाठी आमची दोन जाड पुस्तके घरी राहणार.

दुसरा प्रश्न अधिक कठीण. सरोवराच्या उत्तरेस वस्ती विरळ आहे. कित्येक मैल दूरध्वनीला संदेश मिळत नाही. वावा आणि व्हाइट रिव्हर या गावांमध्ये सुमारे ९० किलोमीटर निव्वळ रान आहे. म्हणून टाकी निम्मी झाली की पहिल्या पंपावर भरायची, हा नियम. निपिगॉन येथे तर साऱ्या कॅनडाचा पूर्व-पश्चिम रस्ता एकाच पुलावरून जातो. जानेवारी २०१६ मध्ये तेथील नवा पूल उचलला गेला तेव्हा कॅनडातल्या कॅनडात दुसरी वाटच उरली नव्हती. चिरंजीवांनी उपग्रहामार्फत संदेश पाठविणारे हातात मावेल एवढे यंत्र घेतले आहे. ऑन्टारियोच्या त्या भागात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा इंदुरास दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेपाच वाजतात. सौ. त्या वेळी उठून तुळशीला पाणी घालीत असतात. रोज त्याच वेळी मुक्कामाचे नाव आणि 'खुशाल' एवढा संदेश जायचा. तो आला नाही तर काय करायचे, कोणास विचारायचे, किती तास थांबायचे, हेही लिहून ठेवले. कारण संदेश न येण्याचे कारण पुष्कळदा यंत्राचे असते, माणसाचे नव्हे.

वेगाची एक बाब विद्यार्थ्यांना गणित म्हणून घालावी अशी आहे. अमेरिकेत अंतर मैलांत, कॅनडात किलोमीटरांत. कॅनडातील पाटीवर ९० लिहिलेले असेल आणि चालकाने मैलांचा काटा ९० वर नेला, तर गाडी ताशी १४५ किलोमीटर धावेल. शिवाय थंडर बेकडे जाताना घड्याळ एक तास पुढे करावे लागते. सकाळी तो तास हरवतो आणि संध्याकाळी अंधारात सापडतो. तेथील रस्त्यांवर मूस नावाचे हरिण येते. ते सांबराहून पुष्कळ मोठे, आणि इतके उंच की दिव्याचा झोत त्याच्या डोळ्यांपर्यंत पोहोचत नाही. म्हणून सायंकाळी पाचनंतर गाडी चालवायची नाही.

हा नियम वहीत लिहिणे सोपे होते. त्याची परीक्षा गांधीसागराकाठी झाली. तंबूचा सराव करावा म्हणून दिवाळीनंतर आम्ही दोघे भानपुऱ्याकडे निघालो. यशवंतराव होळकरांची छत्री पाहण्यात वेळ गेला आणि ठरविलेली जागा बरीच लांब असतानाच दिवस मावळला. आम्ही मागे बसून गप्प होतो. लहानपणी ज्याला टाकीवर पुढे बसवून शाळेत नेले, त्याच्या पाठीमागे बसून आज त्यास शिकवावे तरी काय? चिरंजीवांनी आपण होऊन गाडी एका धर्मशाळेसमोर उभी केली. "तंबू उद्या," एवढेच म्हणाले. आपल्या काकांना त्यांनी कधी पाहिलेले नाही. दुसऱ्या दिवशी मुरमाड जमिनीत तंबूच्या खुंट्या शिरेनात, हा धडाही मिळाला. लांब व जाड खुंट्या यादीत आल्या.

आता तिसरा प्रश्न उरला. आम्ही लिहिले: वावा गाव. ट्रान्स-कॅनडा महामार्गाचा सरोवराकाठचा दुर्गम भाग १९६० साली पुरा झाला, त्याच्या स्मरणार्थ या गावाच्या वेशीवर रानहंसाचा प्रचंड पुतळा उभा आहे. डलूथहून तेथवर सुमारे ८०० किलोमीटर होतात. तेथून मागे फिरणे हे पुढची फेरी पुरी करण्याहून जवळ पडते. सहाव्या दिवशी सायंकाळपर्यंत वावा गाठता आले नाही, दोघांपैकी कोणास ताप आला, किंवा गाडीने दोनदा त्रास दिला, तर आल्या वाटेने परतायचे. पन्हळीपर्यंत जायचेही नाही. शंकराच्या देवळात माघारी वळणाऱ्याची प्रदक्षिणा अपुरी राहिली, असे कोणी म्हणत नाही. प्रवासाच्या आखणीत परतीची जागा आधी लिहिलेली असली की परतणे म्हणजे हार मानणे होत नाही. १९९६ च्या त्या रात्री आमच्या बंधूंपाशी एवढी एकच गोष्ट नव्हती.

वही सौ.पुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली. भानपुऱ्याची हकिगत आम्ही वहीत लिहिली नव्हती. ती चिरंजीवांनी आधीच सांगितली होती, असे तेव्हा कळले. शेवटच्या पानावर त्यांनी लिहिले, "मंजूर. रोज पहाटे साडेपाचला वाट पाहीन." त्याखाली आम्ही तारीख घातली.