भूक मंदावते तेव्हा

बाह्य तपाच्या सहा प्रकारांत ऊणोदरीचा समावेश होतो. भुकेपेक्षा चार घास कमी खाणे, ही ऊणोदरी. तेथे भूक आधी असते, संयम नंतर. वार्धक्यात वा आजारात मात्र मुळात भूकच मंदावते. अशा वेळी ताटात उरलेले अन्न हे तप नसून प्रकृतीने दिलेली सूचना असते. ‘आजींचा आहार पहिल्यापासून मितच,’ असे कौतुक घरात होत राहते आणि वजन नकळत घटत जाते.

चौविहार पाळणाऱ्या ज्येष्ठांपाशी वेळही थोडा असतो. डिसेंबरात महाराष्ट्रात दिवस सुमारे ११ तासांचा. नवकारशीची ४८ मिनिटे वजा केली, तर खाण्यापिण्यास जेमतेम १० तास उरतात. एवढ्या वेळात दोन भरल्या ताटांचा आग्रह व्यर्थ ठरतो. त्यापेक्षा दर दोन तासांनी लहान वाटीतून थोडे द्यावे. सकाळी रुची बरी असेल, तर मुख्य जेवण तेव्हाच द्यावे. जेवणाआधी पोटभर चहा-पाणी टाळावे. मुगाच्या खिचडीत चमचाभर तूप अधिक घातले, तर घास वाढत नाहीत. सुमारे ४५ कॅलरी मात्र वाढतात. दुधात दुधाची भुकटी, भाजीत पनीर, असेही करता येते.

वयानुसार तहानेची जाणीवही बोथट होते. उकळलेल्या पाण्याचा तांब्या सकाळीच समोर ठेवावा, तासातासाने अर्धा पेला द्यावा आणि दुपारी किती उरले ते पाहावे. सूर्यास्तापूर्वी घाईने दोन-तीन पेले पिण्याने दिवसाची तूट नीट भरून निघत नाही. उलट रात्री उठावे लागते. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

सहा महिन्यांत ६० किलोचे वजन तीन किलोंनी घटले, बांगड्या सैल झाल्या, लघवी गडद होऊ लागली वा उभे राहताना भोवळ आली, तर विलंब करू नये. सैल कवळी, बद्धकोष्ठ, एखादे औषध किंवा मनाची उदासी यांनीही भूक मरते. त्यांवर उपाय असतो.

नियम मोडण्याचे भय ज्येष्ठांच्या मनात असते. परंतु पच्चक्खाणाच्या पाठातच आगार, म्हणजे सवलती, सांगितल्या आहेत. समाधी टिकवण्यासाठीचा आगारही त्यांत आहे. रात्री पाण्याची मोकळीक देणारा तिविहारही आहे. गुरुमहाराजांना प्रकृतीची खरी स्थिती सांगून मार्गदर्शन घ्यावे. देह टिकला, तरच त्याच्याकरवी धर्माराधना घडते.