अंगावर काटे, दारात खडे

दख्खनच्या मुरमाड माळावर, बांधाच्या कडेला संध्याकाळी पिंजरा लावून ठेवलाय आणि सकाळी त्यात एक इवलासा जीव सापडलाय, असं समजा. वितीहून थोडा कमी लांब, म्हणजे शेपटी धरून. पाठ तपकिरी, पोट पांढरं. कुणीही म्हणेल, उंदीर आहे, त्यात ओळखायचं काय?

पण मुळात उंदीर आहे का? चिचुंद्रीलाही आपण उंदराच्या पंगतीत बसवतो. तिचं नातं मात्र काटे असलेल्या किडेखाऊ प्राण्यांच्या घराण्याशी. पुढचा पाय बघा. चिचुंद्रीला तिथे पाच बोटं असतात. उंदराला ठळक चारच, अंगठ्याच्या जागी नुसता एक कोंब. आता तोंड बघा. समोर वर दोन, खाली दोन दात, आणि त्यांच्यामागे दाढांपर्यंत सगळी मोकळी जागा. हे सुताराच्या पटाशीसारखे दात जन्मभर वाढतच राहतात! पुढच्या बाजूला लोह मुरलेलं नारिंगी, टणक लुकण; मागची बाजू मऊ. कुरतडताना मऊ बाजू आधी झिजते आणि धार आपोआप लागते. सहाणेवर घासायला नको, काही नको.

याच दातांवर आणखी एक खूण असते. वरच्या दोन्ही दातांवर उभी खाच दिसली, तर समोर माळावरचा हरिण-उंदीर असू शकेल. शेपटीच्या टोकाला केसांचा गोंडा आणि उड्या मारायला लांब मागचे पाय दिसले, की शंका उरत नाही. आपल्या पाहुण्याचे दात मात्र गुळगुळीत आहेत.

मग पाय उलटा करून बघू. उंदराच्या पायावरून त्याचा पत्ता सांगता येतो, हे मला अजूनही जादूसारखं वाटतं. झाडावर राहणारा लांब शेपटीचा उंदीर घ्या. त्याच्या पायाच्या पहिल्या आणि शेवटच्या बोटाला नखी नसतेच, तिथे माणसासारखं चपटं नख असतं. कारण ही दोन बोटं उरलेल्यांच्या समोर वळतात आणि बारीक फांदी चिमटीत धरतात. मऊ केसांच्या शेतउंदराच्या मागच्या तळव्यावर पाच, कधी चारच गाद्या. घरातल्या उंदराच्या तळव्यावर सहा. तळव्यावरच्या गाद्या मोजून प्राणी ओळखायचा! आपल्या पाहुण्याच्या सगळ्या बोटांना टोकदार नख्या आहेत. म्हणजे हा जमिनीवरचा गडी.

शेपटी डोक्या-धडाहून आखूड आहे. आपल्याकडच्या घरातल्या उंदराची बहुधा लांब असते. पोटही त्याच्यासारखं मळकट नाही. आता शेवटची परीक्षा: शेपटीकडून डोक्याकडे, केसांच्या उलट दिशेने पाठीवरून बोट फिरवा. (चावेल असं वाटत असेल, आणि ते वाटणं शहाणपणाचंच आहे, तर पेन्सिल फिरवा.) खरखर लागली? ते केस नाहीत, काटे आहेत!

खरं तर ते केसच, पण चापट आणि ताठ. भिंगातून बघाल तर एकेक काटा अर्धपारदर्शक, लांबट पात्यासारखा दिसेल. साळिंदराचे काटे हेही बदललेले केसच; इथे निसर्गाने तीच युक्ती मुठीत मावणाऱ्या अंगावर बसवली आहे. बेनेट या प्राणिशास्त्रज्ञाने 1832 मध्ये याचं नाव ठेवलं ‘मूस प्लॅटिथ्रिक्स’. ग्रीकमध्ये प्लॅटिथ्रिक्स म्हणजे चापट केसांचा. मूस हे कुळ आपल्या घरातल्या उंदराचंच. म्हणजे धान्याच्या पिंपामागे खुडबुड करणारा तो आणि माळावरचा हा काटेरी, दोघे भाऊबंद.

इथे विषय संपला असता तर बरं झालं असतं. पण आपल्या देशात असे काटेरी उंदीर एकाहून अधिक जातींचे आहेत. त्यांतला एक 1839 मध्ये नोंदला गेला, दुसरा 1912 मध्ये. नुसत्या अंगावरून त्यांच्यात फरक करताना तज्ज्ञही अडखळतात. मग कवटी तपासायची, आजच्या काळात डीएनए बघायचा.

आणि तरीही, कवटी न उघडता, खरं तर उंदीर न बघताच, त्याचा ठावठिकाणा सांगणारी माणसं होती. वॉल्टर एलियट हा कंपनी सरकारचा अधिकारी धारवाडच्या बाजूला नेमणुकीवर होता. त्या मुलखाला तेव्हा ‘दक्षिण मराठा देश’ म्हणत. तिथल्या प्राण्यांची त्याने यादी केली, ती 1839 मध्ये छापून आली. या यादीत त्याने कानडी नावांबरोबर वडार लोकांनी दिलेली नावंही टिपली. जन्मभर दगडमातीत काम करणाऱ्या वडारांना बिळांची भाषा कळत होती. या काटेरी उंदराला ते ‘लेग्गाडे’ म्हणत. लंडनमध्ये बसलेल्या जॉन एडवर्ड ग्रे या प्राणिशास्त्रज्ञाने ही यादी छापून येण्याआधीच, 1837 मध्ये, तो शब्द उचलून ‘लेग्गाडा’ असं अख्खं कुळच उभं केलं! पुढे ते कुळ मूसमध्ये विलीन झालं, ही गोष्ट वेगळी. वडारांच्या तोंडचा शब्द तोवर लॅटिन पोथ्यांत जाऊन बसला होता.

एलियटने लिहून ठेवलेलं या उंदराचं घर असं: तांबड्या मुरमाच्या उतारावर बेताच्या खोलीचं बीळ. आत एक खोली, आणि त्या खोलीत खड्यांचं अंथरूण. उंदीर बसतो तो त्या खड्यांवर. आत शिरला की बारीक खडे लावून दार बंद करून घेतो, आणि त्यासाठी जमवलेल्या खड्यांचा ढीग दाराबाहेरच पडलेला असतो. दात नको, तळवा नको, काटेही नकोत. मुरमाच्या उतारावर बारीक खड्यांची रास दिसली, की आत कोण झोपलंय ते कळलं.